गुरुवारचं अळू : वाइपाच्या चाळीस वर्षांचा इतिहास

हवाई बेटांवर ज्याला कालो म्हणतात ते आपलं अळूच. वनस्पती तीच. पाण्याचा थेंब अंगाला लागू न देणारं पानही तेच. आपण मात्र पानांवर जीव टाकतो, वड्या करतो, श्रावणात फदफदं करतो आणि खालच्या कांद्याकडे फारसं बघत नाही. तिथे कांदा हेच अन्न. तो तासन् तास शिजवायचा, सोलायचा, कुटायचा आणि पाणी घालून सारखा करायचा. त्यातून जो करडा-जांभळा, चिकट, दाटसर पदार्थ तयार होतो त्याला पोइ म्हणतात. आपल्याकडे भाताशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही, तसं जुन्या हवाईयन घरात पोइशिवाय वाटत नाही.

वाइपा या संस्थेचा इतिहास सांगायचा तर सुरुवात या कांद्यापासूनच करावी लागते. काउआइ बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर हानालेइचा अर्धचंद्राकृती उपसागर आहे आणि त्याच्या पश्चिम अंगाला वाइपा नावाचं खोरं. मागे मामालाहोआचा हिरवागार डोंगर, त्यावरून उतरणारा ओढा, खाली अळूची खाचरं, समुद्राजवळ हालुलू नावाचं मत्स्यतळं आणि शेवटी वाळू. सगळं मिळून सुमारे १,६०० एकर. १९८६ साली ही जमीन हानालेइच्या मूळ हवाईयन शेतकऱ्यांच्या संघाला भाडेपट्ट्याने मिळाली. त्याच मंडळींच्या कामातून पुढे वाइपा फाउंडेशन उभं राहिलं. त्या पट्ट्याला आता चाळीस वर्षं होत आहेत.

डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतच्या अशा सलग पट्ट्याला हवाईयन भाषेत आहुपुआआ म्हणतात. बेटावरची जमीन जुन्या काळी अशीच वाटलेली होती. पाणलोट हाच गाव. वर रानातून लाकूड आणि औषधी मिळायची, मधल्या सपाटीवर कालो आणि रताळी, खाली मासे आणि मीठ. एका गावाच्या माणसांना जगायला जे लागतं ते बहुतेक सगळं त्या एका पट्ट्यात असायचं. पाण्याची आणि कामाची व्यवस्था लावणाऱ्या माणसाला कोनोहिकी म्हणत. ओढ्याचं पाणी आउवाइ नावाच्या पाटाने खाचरांत घ्यायचं, एका खाचरातून मोरीने दुसऱ्यात सोडायचं आणि शेवटी पुन्हा ओढ्याला द्यायचं. ज्याने पाटाच्या दुरुस्तीला हात लावला, त्याचा पाण्यावर हक्क. धुळे-नाशिककडची फड पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातलं काही परकं वाटणार नाही. पांझरा-मोसमच्या काठचा पाटकरी आणि हा कोनोहिकी समोरासमोर आले असते, तर भाषा येत नसतानाही दोघांनी एकमेकांचं काम ओळखलं असतं. पाण्याला हवाईयन शब्द वाइ आणि संपत्तीला वाइवाइ. अळूला पाणी नुसतं असून भागत नाही, ते वाहतं आणि गार हवं. तुंबून तापलं की कांदा कुजायला लागतो. म्हणून वरच्याने पाणी अडवलं की खालच्याचं पीक गेलंच. ही शेती एकट्या माणसाची नाहीच.

मग हे सगळं गेलं कसं? १८४८ मध्ये राजसत्तेने माहेले नावाची जमीनवाटणी केली आणि जमीन पहिल्यांदा खरेदी-विक्रीची वस्तू झाली. बाहेरून आलेल्या रोगांनी त्याआधीच माणसं कमी करून टाकली होती. १८७५ मध्ये अमेरिकेशी करार झाला, साखरेला जकातीविना बाजार मिळाला आणि उसाने पाणी ओढून घेतलं. हानालेइच्या पाणथळ खाचरांत चिनी शेतकऱ्यांनी भात लावला. तोही विसाव्या शतकात मागे पडला आणि कालो परत आला, पण सगळीकडे नाही. आज सगळ्या हवाई बेटांवर मिळून कालोखाली जेमतेम काही शे एकर जमीन आहे आणि त्यातला मोठा वाटा एकट्या हानालेइच्या आसपास. कालोच्या तीनशेच्या आसपास जातींना एके काळी नावं होती. १९३९ मध्ये शास्त्रज्ञांनी मोजदाद करून वर्णन लिहिलं तेव्हा चौऱ्याऐंशी भरल्या. वरीच्या, नाचणीच्या, भाताच्या जातींची नावं फक्त आजीच्या तोंडी उरलेली आपण पाहिली आहेत. त्यामुळे हे आकडे वाचताना मला वेगळं दुःख समजावून घ्यावं लागलं नाही.

बेटांच्या पोटाची आजची अवस्था एका वाक्यात सांगता येते. खाण्यातलं ८५ ते ९० टक्के बाहेरून येतं आणि सर्वांत जवळची मुख्य भूमी सुमारे ३,८०० किलोमीटर दूर आहे. १९४९ मध्ये गोदी कामगारांचा संप जवळपास सहा महिने चालला, तेव्हा दुकानांच्या फळ्या रिकाम्या झालेल्या बेटांनी पाहिल्या. काउआइने त्यावर वादळंही सोसली. १९८२ च्या नोव्हेंबरात ईवा आलं आणि ११ सप्टेंबर १९९२ ला इनिकी. ज्या पिढीने वाइपाचा लढा दिला, ती या सगळ्यातून गेलेली पिढी. जहाज आलं नाही तर काय खायचं, हा प्रश्न त्यांना कोणी व्याख्यानात शिकवलेला नव्हता.

लढा तसा साधा होता. ही जमीन राजकन्या बर्निस पाउआही बिशप यांच्या इस्टेटीतली. त्या १८८४ मध्ये गेल्या. मृत्युपत्रात त्यांनी आपली जमीन हवाईयन मुलांच्या शिक्षणासाठी ठेवली आणि १८८७ मध्ये कामेहामेहा स्कूल्स सुरू झाल्या. त्या विश्वस्त संस्थेकडे हवाईतली अफाट जमीन आहे आणि वाइपा त्यातलाच एक तुकडा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला या खोऱ्यात महागडी घरं बांधण्याचे प्रस्ताव पुढे आले. हानालेइत तोवर पर्यटन आणि सुट्टीची घरं शिरलीच होती. जमिनीचे भाव आणि कर चढत होते आणि जुन्या घराण्यांची मुलं दुसरीकडे राहायला जात होती. तेव्हा गावातली वडीलधारी मंडळी, म्हणजे कुपुना, एकत्र आली. त्यात शेतकरी होते, कोळी होते, आज्या होत्या. त्यांचं म्हणणं असं की हा उत्तर किनाऱ्यावरचा जवळपास अखंड राहिलेला आहुपुआआ आहे, तो आम्हाला कसू द्या आणि आमच्या मुलांना इथे शिकू द्या. जी जमीन हवाईयन मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेली आहे, तिच्यावर हवाईयन मुलांना शेती शिकवणं हे मृत्युपत्राशी जुळणारं आहे, या युक्तिवादाला उत्तर देणं कठीण होतं. काही वर्षांच्या पाठपुराव्यानंतर पट्टा झाला.

जमीन हातात आली तेव्हा खाचरं मात्र नव्हती. बरीच गुरांच्या चराईखाली गेलेली, पाट बुजलेले, बांध ढासळलेले, वर परदेशी झाडोरा माजलेला. कोकणात ओस पडलेलं खाचर पुन्हा लावायला काढलेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे काम किती चिवट असतं ते सांगायला नको. आधी पाट मोकळा करायचा, मग बांध घालायचे, मग चिखलणी आणि मगच लावणी. ते सगळं हाताने झालं, आणि बहुतेक सुट्टीच्या दिवशी झालं.

आता गुरुवारविषयी. माझ्या मते या संस्थेचा खरा इतिहास गुरुवारांत आहे. पट्ट्याने जमीन वाचवली, पण ती चाळीस वर्षं राखली ती गुरुवारने.

कालो आदल्या दिवशी मोठ्या भांड्यांत शिजायला पडतो. नीट शिजला नाही तर आपल्या अळूसारखाच घशाला खाजतो. कारणही तेच, कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया. आपण चिंच-आमसूल घालतो, ते वेळ घालतात. गुरुवारी उजाडायच्या आधीच माणसं जमायला लागतात. लांब टेबलं, त्यांवर वाफाळते कांदे, बाजूला पाण्याच्या बादल्या. मी पहिल्यांदा त्या टेबलापाशी उभी राहिले तेव्हा माझ्या हातात एक साधा जेवायचा चमचा दिला गेला. साल सुरीने कापायची नाही, चमच्याच्या कडेने खरवडायची, म्हणजे आतला गर वाया जात नाही. पूर्वी यासाठी ओपिही नावाच्या शिंपल्या वापरत. माझ्या शेजारी सत्तरीच्या पुढच्या एक आंटी होत्या. हवाईत वयाने मोठ्या बाईला आंटी आणि पुरुषाला अंकल म्हणतात, नातं असो वा नसो, आणि आपल्या कानाला ते लगेच घरचं वाटतं. मी सोललेला कांदा त्यांनी उचलला, फिरवला, एका खळग्यात राहिलेला तांबूस डोळा मला दाखवला आणि काही न बोलता परत माझ्या पुढ्यात ठेवला. तो काढला. पुन्हा दाखवला. पुन्हा एक राहिलेला. तिसऱ्यांदा त्यांनी तो स्वच्छ कांद्यांच्या घमेल्यात टाकला आणि म्हणाल्या, "हे कुणाच्या तरी आजीच्या पोटात जायचं आहे."

सोललेला कालो मग यंत्रातून जातो. लाकडी पाटावर दगडी बत्त्याने हाताने कुटण्याची रीतही काउआइवर अजून जिवंत आहे. तसा कुटलेला घट्ट गोळा म्हणजे पाइआइ. तो विकायला आरोग्य खात्याचे नियम आड येत होते, आणि २०११ मध्ये विधिमंडळाला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. आपल्या पूर्वजांचं अन्न कायदेशीर करून घ्यावं लागलं, ही गोष्ट मी ऐकली तेव्हा कितीतरी वेळ डोक्यातून गेली नाही. वाइपाचं पोइ मात्र यंत्राचं, कारण त्यांना पुष्कळ घरांना पुरवायचं असतं. पिशव्या भरल्या जातात, तोंडं बांधली जातात आणि गाड्या निघतात. पोइ म्हाताऱ्या माणसांना आणि कुटुंबांना परवडेल अशा भावात जातं. दुकानात ते महाग असतं, एवढं महाग की ज्यांच्या पूर्वजांचं ते रोजचं अन्न, त्यांनाच ते सणासुदीला घ्यावं लागतं. या उलटेपणावर वाइपाने कुठे निवेदन दिलेलं मला माहीत नाही. त्यांनी भाव कमी ठेवला आणि सोलायला हात बोलावले.

हे हात कोणाचे? शाळकरी पोरं असतात, मच्छीमार असतात, पेन्शनीतल्या बायका असतात, आठवड्याच्या सुट्टीला आलेला एखादा पर्यटक असतो. कामाची वाटणी कोणी पुकारत नाही. लहान मुलं पाणी ओततात, पिशव्यांची तोंडं धरतात. गप्पा चालतात, पण भांडण नाही. पोइचं भांडं उघडं असताना वाईट बोलायचं नाही, असा जुना दंडक आहे आणि त्यामागे एक कथा आहे. वाकेआ आणि होओहोकुकालानी यांचं पहिलं मूल जन्मतःच गेलं. त्याला घराशेजारी पुरलं, तिथून पहिला कालो उगवला. पुढे दुसरा मुलगा झाला, त्याचं नाव थोरल्याच्याच नावावरून हालोआ ठेवलं, आणि तो पहिला माणूस. म्हणजे अळू हा थोरला भाऊ. त्याच्यासमोर भांडायचं नाही, आणि त्याची राखण धाकट्यांनी करायची. तो त्यांना पोसतो. पिकाला नात्यात घेणं आपल्यालाही नवीन नाही. कोकणात नवान्नाला लोंब्या घरात आणून दाराला बांधतात, तेव्हा आपणही त्यांना पाहुण्यासारखं वागवत नाही.

गुरुवारभोवती बाकीचं हळूहळू उभं राहिलं. मंगळवारी दुपारी वाइपात शेतकरी बाजार भरतो. काउआइला अशा बाजारांची सवय आहे. काउंटीचे सनशाइन मार्केट वेगवेगळ्या गावांत वेगवेगळ्या दिवशी भरतात आणि शिट्टी वाजेपर्यंत कोणी एक पपईसुद्धा विकत नाही, म्हणजे सगळ्यांना सारखी संधी. त्यामुळे छोटा शेतकरी, ज्याच्याकडे चार फणस आणि दोन टोपल्या पालेभाजी आहे, तोही उभा राहू शकतो. सुपरमार्केटला चार फणस नको असतात, त्यांना वर्षभर सारखा माल हवा असतो. बेटावरच्या अर्ध्या एकराच्या शेतकऱ्याला सर्वांत आधी कर्ज लागत नाही, अनुदानही नाही. त्याला आठवड्यातून एकदा घेणारी माणसं लागतात. हे मला तिथे उभं राहून कळलं, आणि आपल्या आठवडी बाजारांचं मोल त्यानंतर मी वेगळ्या नजरेने बघते.

उन्हाळ्यात आंबे येतात तेव्हा वाइपात संगीत आणि आंब्यांचा उत्सव होतो, आणि वर्षाच्या शेवटाकडे कालोचा. उत्सवांत मंच असतो, हुला असते, जेवण असतं. आंब्याच्या उत्सवात गेलेला मराठी माणूस साहजिकच हापूस शोधतो. तिथले आंबे वेगळे, पण झाडाखाली पडून वाया जाणारा आंबा गोळा करून विकत घेतला जातो आणि त्याचं काहीतरी केलं जातं, ही कल्पना रत्नागिरीत ऐकली तरी पटेल. श्रमदानाचे शनिवार असतात, शाळा सुटल्यावर मुलांचे वर्ग असतात, उन्हाळी शिबिरं असतात. त्या मुलांतली काही आता संस्थेत काम करतात. दीर्घकाळ संचालक असलेल्या स्टेसी स्प्रोट-बेक याच भागातल्या. बाहेरून व्यवस्थापक आणून चालवलेली ही संस्था नाही, आणि माझ्या मते ती टिकली त्याचं एक मोठं कारण हे आहे.

या कामाने हवाई राज्य अन्नात स्वयंपूर्ण झालेलं नाही, हे इथेच सांगितलं पाहिजे. २०१६ मध्ये राज्यपालांनी स्थानिक अन्नउत्पादन २०२० पर्यंत दुप्पट करण्याचं जाहीर केलं, मग ती मुदत २०३० वर गेली. त्याच २०१६ च्या शेवटी माउइ बेटावरचा शेवटचा मोठा साखर कारखाना बंद झाला आणि हजारो एकर जमीन मोकळी पडली, पण मोकळी जमीन म्हणजे शेत नव्हे. पाट कुठून न्यायचा, कोणती जात कोणत्या पाण्यात लागते, कांदा काढल्यावर काय राखायचं, हे ज्याला येतं तो माणूस लागतो. वाइपात दर आठवड्याला निघणाऱ्या पोइच्या पिशव्या टनांच्या हिशेबात किरकोळ आहेत. ते काम करता येणारी माणसं मात्र तिथे तयार होत राहिली.

त्यांची परीक्षा १४ एप्रिल २०१८ च्या रात्री झाली. वाइपाच्या बागेतल्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत ४९.६९ इंच, म्हणजे १,२६२ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझमध्ये ९४४ मिलिमीटर पडला होता. तो दिवस ज्या मुंबईकराने अनुभवला आहे, त्याने त्यात आणखी तीनशेहून जास्त मिलिमीटर घालावेत. अमेरिकेत चोवीस तासांत मोजलेल्या पावसाचा हा उच्चांक ठरला आणि त्याच वर्षी त्यावर शिक्कामोर्तब झालं. त्याआधीचा विक्रम १९७९ मध्ये टेक्सासमधल्या ॲल्विनचा, ४३ इंचांचा. हानालेइची नदी पात्र सोडून पसरली. एका कळपातले पाळीव बायसन वाहत समुद्रापर्यंत गेले आणि त्यांना किनाऱ्यावरून वाचवून आणावं लागलं. दरडी कोसळून पुढच्या हाएना गावाकडे जाणारा एकमेव रस्ता तुटला. तिकडच्या लोकांना सुरुवातीला बोटींनी आणि मग बंदोबस्तातल्या गाड्यांच्या ताफ्याने ये-जा करावी लागली, आणि तो रस्ता सगळ्यांसाठी खुला झाला तो जून २०१९ मध्ये. चौदा महिने.

खाचरांवर गाळ आला, बांध गेले. पाण्यावर जगणाऱ्या पिकाला पाण्यानेच गाडलं. मग पुन्हा पाट मोकळा करणं, बांध घालणं, चिखलणी. १९८६ नंतरच्या वर्षांत म्हाताऱ्यांनी जे हाताने केलं होतं तेच त्यांच्या नातवंडांनी केलं, आणि या वेळी कसं करायचं हे विचारायला लोक होते.

त्यानंतर दोन वर्षांत करोना आला. २६ मार्च २०२० पासून बेटांवर येणाऱ्या प्रत्येकाला चौदा दिवसांचं विलगीकरण लागू झालं, विमानं रिकामी झाली, हॉटेलं बंद पडली आणि पर्यटनावर चालणारी घरं अडचणीत आली. मार्च २०२१ मध्ये हानालेइच्या घाटीत दरड कोसळून रस्ता पुन्हा बंद झाला, म्हणजे सगळं गावच बेटापासून तोडलं गेलं. बेटातलं बेट. अशा प्रत्येक वेळी त्या किनाऱ्यावर एकच हिशेब चालतो : कोणाच्या खाचरात काय आहे, कोणाकडे मासे आहेत, कोणाच्या घरी म्हातारं माणूस एकटं आहे. ज्या गावात लोक आठवड्यातून एकदा एका टेबलाभोवती उभे राहतात, तिथे हा हिशेब कोणाला मांडावा लागत नाही. कोण कुठे राहतं, कोणाला किती पोइ लागतं, हे पिशव्या भरणाऱ्यांना आधीच पाठ असतं.

पोइ ताजं असताना गोडसर लागतं. दोन-तीन दिवसांत आंबतं, तेव्हा म्हातारी माणसं खूश होतात. किती पातळ आहे ते बोटांवरून सांगतात : एका बोटाने उचलता आलं तर ते एका बोटाचं पोइ, नाहीतर दोन किंवा तीन बोटांचं. आंटींना दोन दिवसांचं, दोन बोटांचं आवडतं. मला आंबूस आवडायला वेळ लागला. पुढे आंबवलेल्या पेजेची आठवण होऊन ते सोपं झालं.

माझ्या त्या पहिल्या गुरुवारी सगळं आवरता आवरता ऊन वर आलं होतं. यंत्र धुतलं, टेबलं पुसली, चमचे मोजून डब्यात ठेवले. मग एक तरुण मुलगा मला खाचराकडे घेऊन गेला. काढलेल्या कालोचे वरचे भाग तिथे बांधावर जुड्या करून ठेवलेले होते. कांद्याचा बोटभर तुकडा आणि त्यावर वीतभर देठ, पानं कापलेली. याला हुली म्हणतात. बी पेरत नाहीत, हाच तुकडा परत लावतात, म्हणून आजचा कालो म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचाच कालो, तीच वनस्पती, हातातून हातात आलेली. त्याने एक हुली माझ्या हातात दिली आणि चिखलात किती खोल जायचं ते बोटाने दाखवलं. पाणी गार होतं आणि पायाखालून हलके हलके पुढच्या खाचराकडे सरकत होतं. वर्षभराने काढायला येईल, असं तो म्हणाला.